विजेवाचून निकेलचा मुलामा

लोखंडी नळीला बाहेरून निकेलचा मुलामा देणे हे मुलामा देणाऱ्या कारखान्यातील नित्याचे काम होय. परंतु तीच नळी आतून मढवून देण्यास सांगितले, तर तेथील कसबी कारागीरही विचारात पडेल. आणि नळी लांब, अरुंद व मध्येच वाकलेली असेल, तर तो बहुधा ते काम नाकारील. यात त्याच्या कौशल्याची उणीव नाही. ज्या विजेच्या साह्याने तो मुलामा देतो, त्या विजेच्याच स्वभावातील ही मर्यादा आहे. ती ओलांडणाऱ्या एका रीतीची माहिती येथे द्यावयाची आहे.

विद्युत्‌विलेपनाची पद्धत बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. निकेलच्या लवणाच्या विद्रावात एका बाजूस निकेलची पट्टी टांगतात आणि दुसऱ्या बाजूस मुलामा द्यावयाची वस्तू. पट्टी धनाग्रास व वस्तू ऋणाग्रास जोडून वीजप्रवाह सोडला, म्हणजे विद्रावातील निकेलचे आयन वस्तूपर्यंत जातात, तेथे विद्युत्‌भार सोडून देतात व धातुरूपाने तिच्यावर बसतात. मात्र प्रवाह सर्वत्र सारखा वाटला जात नाही. वस्तूच्या कडा, कोपरे आणि धनाग्रासमोरील उंचवटे यांच्यावर तो एकवटतो. खाचा, भोके व पोकळ्या यांच्यापर्यंत तो फारसा पोहोचत नाही. आटे पाडलेला बोल्ट अशा रीतीने मढविला, तर आट्यांच्या माथ्यावर थर जाड बसतो व तळाशी पातळ. मग नट फिरेनासा होतो. नळीच्या आत निकेल बसवावयाचे, तर नळीच्या आतच धनाग्र सरकवून ठेवावे लागते. नळी बारीक झाली की तेही अशक्य होते.

तेव्हा वीज वगळून मुलामा देता येणार नाही काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. एका अर्थी त्याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेतच मिळते. मोरचुदाच्या विद्रावात लोखंडी खिळा बुडविला, तर काही क्षणांतच त्यावर तांब्याचा लालसर थर दिसू लागतो. येथे वीजपुरवठा नसतो. लोखंडाचे अणू विद्रावात उतरतात व त्यांची जागा तांबे घेते. परंतु खिळ्याचा पृष्ठभाग तांब्याने झाकला गेला की नवे लोखंड उघडे राहत नाही, आणि क्रिया थांबते. तयार झालेला थर अतिशय पातळ असतो व बोटाने घासला तरी निघतो. ज्या क्रियेत मुलाम्याचे बसणे हेच पुढील मुलामा थांबण्याचे कारण ठरते, ती संरक्षणाच्या कामास निरुपयोगी होय. हवी होती ती नेमकी उलट वृत्तीची क्रिया: बसलेल्या धातूनेच पुढच्या धातूस बोलावून घ्यावे अशी.

ही क्रिया रसायनशास्त्रज्ञांच्या हाती शंभर वर्षे पडून होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १८४४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल आदॉल्फ व्युर्ट्‌झ यांस असे आढळले की, निकेलच्या लवणाचे हायपोफॉस्फाइटाने क्षपण होते. म्हणजे विद्रावातील निकेल धातुरूपात परत येते. पण त्यांस मिळाली ती धातूची पूड. १९११ मध्ये ब्रेतो यांनी याच क्रियेने चकचकीत धातू मिळविला आणि १९१६ मध्ये रू यांस अमेरिकेत एक पेटंटही मिळाले. तथापि त्या विद्रावांतील निकेल वस्तूवर बसे, तसेच भांड्याच्या भिंतींवरही बसे आणि विद्रावातही मोकळेपणी साचे. क्रिया होती, तिच्यावर ताबा नव्हता. त्यानंतरची सुमारे तीस वर्षे या विषयाकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही.

तो पुन्हा पुढे आला, तो वेगळ्याच शोधाच्या ओघात. १९४४ मध्ये वॉशिंग्टन येथील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌स या संस्थेत (१९८८ मध्ये तिचे नाव नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्‌स अँड टेक्नॉलॉजी असे झाले) ॲब्नर ब्रेनर व ग्रेस रिडेल हे दोघे पोलादी नळ्यांच्या आतल्या बाजूस निकेल व टंगस्टन यांच्या मिश्रधातूचा थर विजेने बसविण्याचा प्रयत्न करीत होते. थरात ताण निर्माण होऊन तो तडकत असे. विद्रावातील सायट्रिक आम्लाचे धनाग्राजवळ ऑक्सिडीभवन होऊन जे पदार्थ बनतात, त्यांचा हा परिणाम असावा, या तर्काने त्यांनी विद्रावात निरनिराळे क्षपणक घालून पाहिले. त्यांतील एक होते सोडियम हायपोफॉस्फाइट. ते घातल्यावर दोन विचित्र गोष्टी दिसून आल्या. नळीच्या बाहेरील अंगासमोर धनाग्र नसतानाही तेथे निकेल बसले. आणि जमलेल्या धातूचे वजन करून पाहता ते वापरलेल्या विजेच्या मानाने अधिक भरले. ठराविक विजेने ठराविक वजनाचाच धातू जमतो, हा फॅराडे यांचा नियम आहे. येथे तर शंभराहून अधिक टक्के फळ मिळत होते.

अशा वेळी तराजू बिघडला असेल असे मानून पुढे जाणे सोपे असते. या दोघांनी तसे केले नाही. विजेने जे बसविले नाही ते दुसऱ्या कोणी तरी बसविलेच असले पाहिजे, हे ध्यानी घेऊन त्यांनी वीज पूर्णपणे काढून टाकली व नव्याने प्रयोग केले. १९४६ व १९४७ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले आणि १९५० मध्ये पेटंटे मिळाली. याच संस्थेतील विल्यम ब्लम यांनी या रीतीस सुचविलेले ‘इलेक्ट्रोलेस’, म्हणजे वीजविरहित, हे नाव पुढे रूढ झाले.

थर कसा बसतो

या विद्रावात मुख्य पदार्थ दोन: निकेल सल्फेट आणि सोडियम हायपोफॉस्फाइट. दोन्ही सामान्यतः लिटरला २० ते ३० ग्रॅम या प्रमाणात असतात. विद्राव किंचित आम्लधर्मी, पीएच सुमारे ४.५ ते ५ असा राखतात व ८५° ते ९५° से. पर्यंत तापवितात. एवढे करूनही स्वच्छ भांड्यात तो विद्राव हिरवा व शांत राहतो. मात्र त्यात स्वच्छ केलेला लोखंडाचा तुकडा सोडला की थोड्याच वेळात त्याच्या सर्वांगावर हायड्रोजनाचे बारीक बुडबुडे दिसू लागतात. मुलामा बसू लागल्याची ही खूण होय.

लोखंडाचा पृष्ठभाग येथे उत्प्रेरकाचे काम करतो. त्याच्या सान्निध्यात हायपोफॉस्फाइटाचे ऑक्सिडीभवन होऊन फॉस्फाइट बनते, आणि या क्रियेत जी क्षपणशक्ती मोकळी होते ती निकेलच्या आयनांना धातुरूप देते. काही हायपोफॉस्फाइट स्वतःच क्षपण पावून फॉस्फरस बनते व तो फॉस्फरस निकेलबरोबर थरात अडकतो. यातील अणूंच्या हालचालींचा बारकाईने क्रम कसा, याविषयी तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. निकेल स्वतःही या क्रियेचा उत्प्रेरक आहे. लोखंड झाकले गेले तरी वर आलेले निकेल तेच काम चालू ठेवते. त्यावर बसलेले निकेल पुढचे. आणि वस्तू बाहेर काढीपर्यंत थर वाढत राहतो, तासाला सुमारे १० ते २० मायक्रॉन या गतीने. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मोरचुदातील खिळ्यावरील तांबे आणि हा थर यांत भेद आहे तो हाच.

विद्राव जेथे जेथे पोहोचतो व हलता राहतो, तेथे तेथे थर सारख्याच जाडीने वाढतो. नळीच्या आत, आट्यांच्या तळाशी, झडपेच्या पोटातील वळणांत, सर्वत्र तीच जाडी. एक-दोन मायक्रॉनांहून अधिक फरक सहसा पडत नाही. तांब्याचा पृष्ठभाग मात्र आपण होऊन ही क्रिया सुरू करीत नाही. विद्रावात बुडविलेल्या तांब्याच्या वस्तूस लोखंडी तारेचा नुसता स्पर्श केला, तर तेवढ्यानेच पहिला निकेल बसतो आणि मग तार काढून घेतली तरी काम चालू राहते. प्लॅस्टिकवरही हा मुलामा देता येतो. त्यासाठी प्रथम कथिल व पॅलेडियम यांच्या क्लोराइडांच्या साह्याने पृष्ठभागावर पॅलेडियमचे अतिसूक्ष्म कण पेरावे लागतात.

आपण होऊन चालणाऱ्या क्रियेस आवर घालणे अवघड असते. टाकीत धुळीचा एखादा कण तरंगत असेल तर त्यावरही निकेल बसते. त्याचे तुकडे होऊन नवे कण सुटतात. प्रत्येक कणाबरोबर उत्प्रेरक पृष्ठभाग वाढत जातो, बुडबुडे फेसाळून वर येतात, आणि काही मिनिटांत सर्व विद्राव काळा पडून निकेलची पूड तळाशी साचते. कारखान्याचे शेकडो लिटर द्रव्य असे वाया जाऊ शकते. यास्तव विद्राव अखंड गाळीत राहतात. लॅक्टिक, सायट्रिक यांसारखी कार्बनी आम्ले घालून निकेलच्या आयनांना धरून ठेवतात, आणि लेशमात्र स्थैर्यकारक द्रव्य मिसळतात. पूर्वी त्यासाठी शिसे वापरीत व ते लिटरला सुमारे एक मिलिग्रॅम पुरे होई. ते कणांवर जाऊन बसते व त्यांची उत्प्रेरकता मारते. प्रमाण थोडे वाढले की वस्तूच्या कडांवर मुलामा बसेनासा होतो, आणखी वाढले की सगळे कामच थांबते. २००६ मध्ये युरोपात विद्युत्‌उपकरणांतील शिसे व कॅडमियम यांवर निर्बंध आल्यानंतर अनेक कारखान्यांनी शिशाऐवजी दुसरी स्थैर्यकारके स्वीकारली.

फॉस्फरसाचा गुण

या रीतीने मिळणारा थर शुद्ध निकेलचा नसतो, तर निकेल व फॉस्फरस यांच्या मिश्रधातूचा असतो. विद्राव बदलून फॉस्फरसाचे प्रमाण वजनाने सुमारे २ पासून १३ टक्क्यांपर्यंत ठेवता येते. पोलाद बनविणारे फॉस्फरसास शत्रू मानतात, कारण त्याने पोलाद ठिसूळ होते. गंजाच्या बाबतीत मात्र तो कधी कधी मित्र ठरतो. दिल्लीच्या सुमारे सोळाशे वर्षांच्या लोहस्तंभात फॉस्फरसाचे प्रमाण नेहमीच्या पोलादाहून पुष्कळच अधिक, सुमारे पाव टक्का आहे, आणि त्याच्या साह्याने पृष्ठभागावर बनलेल्या पापुद्र्यामुळे तो स्तंभ टिकून राहिला, असे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. बालसुब्रमण्यम यांनी प्रतिपादन केले. आपल्या थरात फॉस्फरस १० टक्क्यांच्या वर गेला, की निकेलचे अणू स्फटिकाच्या नियमित रांगांत बसूच शकत नाहीत. थराची घडण काचेसारखी अस्फटिकी होते. स्फटिक नाहीत म्हणून स्फटिकांमधील सांधेही नाहीत, आणि गंजाचा शिरकाव बहुधा अशा सांध्यांतूनच होत असतो.

एक साधी कसोटी पाहण्यासारखी आहे. १९५७ नंतर आपल्या देशात पाडलेली पंचवीस नव्या पैशांची नाणी निकेलची होती. असे नाणे कोणाच्या संग्रही असेल तर ते लोहचुंबकाजवळ धरून पाहावे. ते चटकन चिकटते. परंतु फॉस्फरसाचे भरपूर प्रमाण असलेला हा थर चुंबकास दादही देत नाही. या गुणामुळे त्यास एक अनपेक्षित क्षेत्र लाभले. संगणकातील चुंबकीय तबकड्यांपैकी ज्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांवर प्रथम असा सुमारे १० मायक्रॉनांचा थर देऊन तो आरशाहून गुळगुळीत घासतात व मगच त्यावर माहिती साठविणारा चुंबकीय पापुद्रा चढवितात. खालचा थर चुंबकीय असता, तर वरच्या नोंदींत त्याची ढवळाढवळ झाली असती.

काठिण्याच्या बाबतीतही फॉस्फरस उपयोगी पडतो. ताजा थर व्हिकर्स मापनाने सुमारे ५०० ते ६०० इतका कठीण असतो. तो ४००° से. तापमानात तासभर ठेवला तर आत निकेल फॉस्फाइडाचे सूक्ष्म स्फटिक बनून काठिण्य ९०० ते १००० पर्यंत, म्हणजे कठीण क्रोमियमच्या मुलाम्याच्या जवळपास, चढते. झीज टाळावयाची असेल तर हे उत्तम. मात्र गंज टाळावयाचा असेल तर ही भट्टी नुकसानकारक ठरू शकते. कारण तापविल्याने थर आकसतो, त्यास बारीक चिरा पडतात, आणि अस्फटिकी घडणीचा लाभही जातो. एकाच थराकडून दोन्ही गुण पराकोटीचे मागता येत नाहीत.

एका रंध्राची किंमत

आता संरक्षणाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. लोखंडावर जस्ताचा थर दिला व त्यास ओरखडा पडला, तरी जस्त स्वतः झिजून उघड्या पडलेल्या लोखंडास वाचविते. निकेलचे तसे नाही. निकेल लोखंडाहून ‘उच्च’ धातू आहे. पाण्याच्या सान्निध्यात या दोहोंची विद्युत्‌घटासारखी जोडी जमते, तेव्हा झिजतो तो लोखंडाचाच भाग. थरात टाचणीच्या टोकाहून बारीक रंध्र राहिले असेल, तर सगळा निकेलचा विस्तीर्ण पृष्ठभाग ऋणाग्र बनतो व त्या रंध्राच्या तळाचे टिचभरही नसलेले लोखंड एकटे धनाग्र. सर्व झीज त्या एका बिंदूवर एकवटते आणि तेथे खोल खड्डा पडत जातो. न मढविलेल्या लोखंडावर गंज सर्वत्र पसरतो व डोळ्यांस दिसतो. येथे वरून वस्तू चकचकीत दिसते आणि आत भोक पडत असते. पुष्कळदा सदोष मुलाम्यापेक्षा मुलामा नसलेला बरा, असे म्हणण्याची पाळी येते. खाऱ्या हवेत हा दोष लवकर उघडकीस येतो. तमिळनाडूत कारैकुडी येथे १९५३ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय विद्युत्‌रासायनिक संशोधन संस्थेने धातूंच्या गंजण्याच्या परीक्षणासाठी मंडपमचा समुद्रकिनारा निवडला, यात नवल नाही.

रंध्रे शोधण्याची एक सुंदर रीत आहे. पोटॅशियम फेरिसायनाइड व मीठ यांच्या विद्रावात भिजविलेला कागद मुलाम्यावर काही मिनिटे दाबून ठेवतात. जेथे रंध्र असेल तेथून लोखंडाचे आयन वर येतात आणि कागदावर गडद निळा ठिपका उमटतो. थर १० मायक्रॉनांहून पातळ असेल तर ठिपके सहसा दिसतातच. उघड्या हवेतील सामान्य कामास २५ मायक्रॉन, आणि समुद्राच्या किंवा रसायनांच्या सान्निध्यात ५० ते ७५ मायक्रॉन जाडी देण्याचा प्रघात आहे. तथापि केवळ जाडी वाढवून भागत नाही. मूळ पृष्ठभाग खडबडीत असेल, त्यावर तेलाचा अंश किंवा घासकामाची पूड राहिली असेल, तर तेवढ्या जागी उत्प्रेरण होत नाही व रंध्र राहते.

यामुळे मुलाम्याचे निम्मे यश टाकीत वस्तू सोडण्यापूर्वीच ठरते. तांब्यापितळेच्या भांड्यास कल्हई करणारा कारागीर भांडे तापवून नवसागर टाकतो व तेवढी जागा साफ झाल्यावरच कथिल फिरवितो. मळलेल्या जागी कथिल धरत नाही, हे त्यास अनुभवाने ठाऊक असते. येथेही तोच न्याय आहे, काटेकोरपणा मात्र कितीतरी अधिक. वस्तू प्रथम गरम अल्कधर्मी द्रवात धुऊन तेलकटपणा काढतात, मग पाण्याने धुतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून गंजाचा पापुद्रा घालवितात, पुन्हा धुतात व वाळू न देता तशीच टाकीत सोडतात. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइड जमते, म्हणून त्यावर आधी जस्ताचा पातळ थर बसवावा लागतो. उच्च ताकदीच्या पोलादात आम्लाच्या व मुलाम्याच्या क्रियेत हायड्रोजन शिरून ठिसूळपणा येतो. तसे पोलाद नंतर २००° से.च्या आसपास काही तास तापवून तो वायू बाहेर घालवितात. हे तापविणे विसरल्यास बोल्ट काही दिवसांनी, भार असताना, कोणतीही पूर्वसूचना न देता तुटू शकतो.

उपयोग व खर्च

या रीतीचा मोठ्या प्रमाणावर पहिला उपयोग अमेरिकेत रेल्वेच्या टाकीवाल्या वाघिणींसाठी झाला. सांद्र कॉस्टिक सोडा साध्या पोलादी टाकीतून नेला, तर त्यात लोहाचा अंश उतरतो आणि रेयॉनसारखा धागा बनविणाऱ्यांस तो चालत नाही. निकेल कॉस्टिक सोड्यास उत्तम दाद देत नाही. पण सगळी टाकी निकेलची करणे परवडण्यासारखे नव्हते. जनरल अमेरिकन ट्रान्स्पोर्टेशन कॉर्पोरेशन या कंपनीने ब्रेनर व रिडेल यांच्या शोधाच्या आधारे आपली ‘कॅनिजेन’ नावाची रीत सिद्ध केली व १९५० नंतरच्या दशकात अशा टाक्या आतून मढविण्यास आरंभ केला. त्यानंतर तेलविहिरींच्या झडपा, पंपांची अंतर्गत अंगे, प्लॅस्टिकचे साचे, विद्युत्‌मंडलांच्या पट्ट्यांवरील सोन्याच्या पापुद्र्याखालचा आधारथर, असा त्याचा प्रसार झाला. सर्वच रसायनांपुढे हा थर टिकतो असे मात्र नाही. नायट्रिक आम्लात तो विरघळून जातो.

खर्चाची कल्पना एका हिशेबाने येईल. एक चौरस मीटर पृष्ठभागावर २५ मायक्रॉनांचा थर म्हणजे २५ घन सेंटिमीटर धातू. वजन सुमारे २०० ग्रॅम. त्यात निकेल सुमारे १८० ग्रॅम धरले, आणि निकेलच्या प्रत्येक ग्रॅमामागे सुमारे ५ ग्रॅम सोडियम हायपोफॉस्फाइट लागते हे ध्यानी घेतले, तर जवळजवळ ९०० ग्रॅम हायपोफॉस्फाइट खर्ची पडते. त्यातील सुमारे एकतृतीयांशच निकेल बसविण्याच्या कामी येते. बाकीचे हायड्रोजनाच्या बुडबुड्यांत जाते. तेवढेच निकेल विजेने चढविण्यास ५ व्होल्ट दाबाने एक युनिटाहूनही थोडी कमी वीज पुरते. म्हणून सपाट पत्र्यास वा सायकलच्या मुठीस या रीतीने मुलामा देणे हा उधळेपणा होय. जेथे आकार गुंतागुंतीचा आहे आणि सारखी जाडी ही अपरिहार्य गरज आहे, तेथेच तिची किंमत वसूल होते.

खर्चाची आणखी एक बाजू कारखान्याच्या मागील दाराशी असते. काम चालू असताना विद्रावात फॉस्फाइट साचत जाते व त्यातील मूळ निकेलच्या सहा-आठ पट निकेल नव्याने घालून वापरल्यावर तो टाकूनच द्यावा लागतो. तो गटारात सोडता येत नाही. निकेलच्या संयुगांनी कातडीस खाज व पुरळ येते, त्यांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे जाणे कर्ककारक आहे, आणि ज्या कार्बनी आम्लांनी निकेलला विद्रावात धरून ठेवले होते, तीच आता चुना घालूनही त्यास तळाशी बसू देत नाहीत. त्यावर कारखानदार दोन उपाय योजतात. टाकाऊ विद्राव तापवून त्यात पोलादी तारांचा कापूस सोडतात. उरलेले निकेल त्या तारांवर बसून जाते. नाही तर त्यात सोडियम बोरोहायड्राइडसारखे तीव्र क्षपणक घालून, एरवी ज्याची धास्ती बाळगतात, तो विद्रावाचा नाश मुद्दाम घडवून आणतात, आणि तळाशी साचलेली काळी निकेलची पूड गाळून वेगळी काढतात.